बापटसरांचा य-अक्ष

प्रिय ईशान आणि तारा,

मागच्या रविवारी फोनवर ईशानने मला त्याचं शाळेतलं काम दाखवलं. पडद्यावर एक रेघ काढायची होती. त्याने रेघेच्या टोकाचा आकडा वाढवला आणि वर जायची ती रेघ खाली गेली. "आजी, या कॉम्प्युटरला वर-खाली कळत नाही," असं तो म्हणाला, आणि मी इतकी हसले की तुमची आई स्वयंपाकघरातून बघायला आली. तेव्हा मी कारण सांगितलं नाही. सांगायला बराच वेळ लागला असता आणि तुमची जेवणाची वेळ झाली होती. पण हेच वाक्य मी तीसएक वर्षांपूर्वी ठाण्यात एका माणसाच्या तोंडून रोज ऐकत होते. त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आता लिहून टाकते. अवघड शब्द आले तर आईला विचारा. तिलाही अडलं तर मला विचारा, पण तिच्यासमोर नको.

त्यांचं नाव बापट. ते ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि डोंबिवलीला राहायचे. पन्नाशी ओलांडल्यावर खडूच्या धुळीने त्यांचा घसा बसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर खडू सोडा नाही तर आवाज सोडा. बापटसरांनी शाळाच सोडली, आणि घरी बसण्याऐवजी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. तिथे त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर त्यांचेच जुने विद्यार्थी बसलेले असायचे. सर चुकले की ती मुलं आनंदाने एकमेकांना कोपराने ढोसायची. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. आपण या मुलांना इतका आनंद पूर्वी कधीच दिला नव्हता, असं ते म्हणायचे.

वर्तकनगरमधल्या एका तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये नितीन भोईरची छोटी कंपनी होती. नितीन कोपरीचा, कोळ्याच्या घरातला. घरात शिकलेला पहिलाच. तोही सरांचा विद्यार्थी, आणि नववीत सरांनी त्याला गणितात नापास केलेलं. तरी त्याने सरांना नोकरी दिली. मी तिथे आधीपासून होते. पत्रव्यवहार बघायचा आणि प्रोग्राम कसा वापरायचा याची इंग्रजी पुस्तिका लिहायची, हे माझं काम. कॉलेजात मला इंग्रजी काव्य शिकवलं होतं, आणि मी तिथे 'आता हे बटण दाबा' अशी वाक्यं लिहीत होते.

सर आत आले की नितीन मालक असूनही उठून उभा राहायचा. सरांना काही रागावून सांगायचं असेल तर आधी "सर, बोलू का?" विचारायचा. सर म्हणायचे, "बोल, पण मुद्द्याचं बोल." मग नितीन मुद्दा विसरायचा.

कॉम्प्युटर ठेवलेले होते ब्लॉकच्या स्वयंपाकघरात. तिथे भिंतीला टाइल्स होत्या म्हणून धूळ बसत नसे, आणि खिडकीत एअर कंडिशनर होता. दाराबाहेर चपला काढून आत जायचं हा नियम. तेव्हा सगळीकडेच तसा होता. बापटसर देवळात शिरावं तसे पाय पुसून आत जायचे. त्यांना गारठा सोसत नसे. त्यामुळे ऐन मे महिन्यात बाहेर सगळे घामाने निथळत असताना सर आत मरून रंगाचा स्वेटर आणि माकडटोपी घालून बसलेले असायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग नितीनकडे. नितीन म्हणायचा, "आमचे सीनियर आहेत." त्यापुढे कोणी काही विचारत नसे.

आता त्यांच्या कामाविषयी. तेव्हा कॉम्प्युटरवर नुकत्याच खिडक्या आल्या होत्या. त्याआधी काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसायची. आता पडद्यावर चौकटी उघडायच्या आणि त्यांत रेघा, वर्तुळं, रंग काढता यायचे. त्यासाठी तयार आज्ञांचा एक संच मिळायचा. त्याला टूलकिट म्हणायचे. रेघ काढायची असेल तर आधी पेन सांगायचं: जाड की बारीक, अखंड की तुटक, कोणत्या रंगाचं. मग रेघ कुठून निघते आणि कुठे पोचते ते दोन बिंदू द्यायचे. बापटसरांना हे फार पटलं. आपण आयुष्यभर मुलांना सांगत आलो की आधी बिंदू ठरवा आणि मग पट्टी लावा, ते शेवटी कोणीतरी ऐकलं, असं त्यांना वाटलं. ते कोणी माणूस नव्हतं याची त्यांना खंत नव्हती.

पण हा आनंद फार टिकला नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी एक सुरेख त्रिकोण काढला आणि मला बोलावलं. मी गेले तेवढ्यात नितीनने त्यावर दुसरी खिडकी उघडली आणि बंद केली. त्रिकोणाचा तेवढा भाग पुसला गेला. सर अवाक् झाले. फळ्यासमोरून शिपाई चालत गेला म्हणून फळा कोरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. नितीनने समजावलं की खिडकीला काही आठवत नाही. तिच्यावर काही येऊन गेलं की ती आपल्याला विचारते, इथे काय होतं, आणि आपण सगळं पुन्हा काढून द्यायचं. दर वेळी.

सरांनी थोडा विचार केला. "म्हणजे आठवी ब," ते म्हणाले, आणि कामाला लागले. त्यानंतर त्यांनी खिडकीच्या विसराळूपणाविषयी कधी तक्रार केली नाही. विसरणाऱ्याला पुन्हा सांगणं हा त्यांचा धंदाच होता.

दुसरं भांडण शेवटच्या ठिपक्याचं. पडद्यावरची रेघ म्हणजे खरं तर ठिपक्यांची रांग. सर खिशात भिंग बाळगायचे. एक दिवस भिंगातून बघताना त्यांच्या लक्षात आलं की रेघ जिथपर्यंत न्यायला सांगितली तिथपर्यंत जातच नाही. शेवटचा एक ठिपका सोडून थांबते. ते टूलकिटमध्ये मुद्दामच तसं केलेलं होतं, म्हणजे पुढची रेघ तिथून सुरू झाली की ठिपका दोनदा उमटू नये. सरांना हे स्पष्टीकरण मुळीच मान्य झालं नाही. "सुमतीबाई, हा जावई दारापर्यंत येतो आणि उंबरा ओलांडत नाही," असं ते मला म्हणाले, आणि त्यांनी प्रत्येक रेघ एक ठिपका लांब करायला सुरुवात केली. पुस्तिकेत मी याचा उल्लेख करावा असा त्यांचा आग्रह होता. मी केला नाही. गिऱ्हाइकांपैकी भिंग घेऊन बसणारं कोणी नव्हतं.

पण खरं वैर होतं ते य-अक्षाशी. शाळेत आलेखाच्या कागदावर शून्य खाली डाव्या कोपऱ्यात असतं. य वाढला की आपण वर जातो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि य वाढला की आपण खाली जातो. याचं कारण फार साधं आहे. पडदा वरून खाली भरत येतो, आपण पान लिहितो तसा. नितीन आणि बाकीची मुलं एका दिवसात याला सरावली. बापटसर सरावले नाहीत, कारण त्यांना सरावायचंच नव्हतं.

"यंत्राला वर-खाली कळत नाही म्हणून मी सोडून द्यायचं का?" ते विचारायचे. "डोंगर वर असतो. झाड वर वाढतं. किमती वर जातात. हा एकटाच कोण लागून गेला खाली जाणारा?"

त्यांनी त्यावर एक तोडगा काढला. सगळं गणित ते आपल्या पद्धतीने करायचे, खालून वर. आणि पडद्यावर काढण्याच्या अगदी आधी एक ओळ लिहायचे, जी सगळं उलटवून यंत्राच्या पद्धतीने करून द्यायची. त्या ओळीला ते उलटवणी म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये उलटवणी असायचीच. दुसऱ्या कोणाच्या कामात ती दिसली नाही तर ते तिथेही घालायचे. नितीन म्हणायचा, "सर, माझ्या कोडला हात नका लावू ना, प्लीज." सर हात लावायचे. नववीतला मुलगा आहे, याने काही तरी सोडलं असणारच, अशी त्यांची खात्री.

अशात डोंबिवलीचे एक गुरुजी आमच्याकडे आले. त्यांना पत्रिका छापणारा प्रोग्राम हवा होता. मुलामुलीचं लग्न ठरवताना दोघांच्या जन्मपत्रिका जुळवून बघतात, हे तुम्हाला आईने सांगितलं असेल. पत्रिकेत एक चौकोन असतो. त्याच्या कोपऱ्यांतून दोन तिरक्या रेघा, आणि चारही बाजूंचे मध्य जोडणाऱ्या आणखी चार. एवढ्या रेघांत बारा घरं होतात. वरचं मधलं घर पहिलं. तिथून डावीकडून खाली उतरायचं आणि उजवीकडून परत वर यायचं. प्रत्येक घरात राशीचा एक आकडा असतो, तो घराचा क्रमांक नव्हे, आणि काही घरांत ग्रह बसलेले असतात. कोणता ग्रह कुठल्या घरात, यावरून जाणकार माणूस भविष्य सांगतो.

बापटसरांचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. हे काम नितीनने त्यांना भीतभीतच दिलं. पण सर खूश झाले. इतकी सममित आकृती त्यांना बऱ्याच दिवसांनी मिळाली होती. गुरुजींना ती जरा रुंद हवी होती, म्हणजे नावं मावतील. सरांनी साफ नकार दिला. चौकोन चौरसच राहणार, कारण तिरकी रेघ बरोबर पंचेचाळीस अंशांत असली तरच तिच्या पायऱ्या सारख्या पडतात, नाही तर ती मोडक्या जिन्यासारखी दिसते. गुरुजींनी हात टेकले. बाहेर येऊन मला म्हणाले, "हे गृहस्थ फार शिस्तीचे दिसतात. यांचा शनी कुठे आहे?" मी म्हटलं, मला कल्पना नाही.

प्रोग्राम झाला. रेघा आणि आकडे सरांनी काढले, ग्रह बसवण्याचा भाग नितीनने लिहिला. गुरुजींनी तपासला, खूश झाले, आणि डोंबिवलीत कॉम्प्युटरवरच्या पत्रिका दोन मिनिटांत मिळू लागल्या.

सरांच्या घरी त्याच वेळी मेधाचं लग्न ठरत होतं. मेधा ही त्यांची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, बँकेत नोकरीला. हसायला लागली की तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. बँकेतल्याच सुधीर सोमण नावाच्या मुलावर तिचं मन बसलं होतं, आणि त्याचं तिच्यावर. सोमण मंडळी कल्याणची, पारनाक्याची. वडील दिनकरराव शांत गृहस्थ. आई, सोमणबाई, पत्रिकेवाचून पाऊल न टाकणाऱ्या. सुधीरला मंगळ होता. मंगळ काही ठरावीक घरांत असला की त्या माणसाला तसाच मंगळ असलेला जोडीदार शोधतात. त्यापायी आधीची स्थळं मोडली होती. सोमणबाईंनी सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण पत्रिका जुळली तरच. मेधाची जुनी पत्रिका हरवलेली होती, म्हणून बापटवहिनींनी गुरुजींकडून नवी छापून आणली. मेधालाही मंगळ निघाला. सोमणबाईंनी होकार दिला, आणि मेधाने बँकेत पेढे वाटले.

आणि एका सकाळी बापटसर चपला न काढता कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले.

मी आणि नितीन एकमेकांकडे बघत राहिलो. सरांनी खिशातून मेधाची पत्रिका काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी ती बघायला घेतली होती केवळ कोपऱ्यातले ठिपके नीट उमटलेत का म्हणून. पण भिंग फिरवताना त्यांना दिसलं की खालच्या तक्त्यात मंगळ चौथ्या राशीत लिहिला आहे, आणि वर आकृतीत तो बाराव्या राशीचा आकडा असलेल्या आठव्या घरात बसला आहे. मग त्यांनी बाकीचे ग्रह बघितले. बहुतेक सगळेच चुकीच्या घरात.

झालं होतं असं, की नितीनने ग्रह यंत्राच्या पद्धतीनेच बसवले होते, वरून खाली. ते बरोबर होते. पण शेवटच्या तपासणीत सरांना त्या भागात उलटवणी दिसली नाही. त्यांनी ती घातली. त्यामुळे वरचे ग्रह खाली गेले आणि खालचे वर आले. चौकोन उलटा केला तरी तसाच दिसतो, म्हणून कोणाला शंका आली नाही. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर असावे लागतात, ते उलटूनही समोरासमोरच राहिले. गुरुजी फसले ते त्यामुळेच.

"चूक माझी आहे. पूर्णपणे माझी," सर म्हणाले. मग खाली बघितलं, चपला दिसल्या, आणि बाहेर जाऊन काढून आले.

प्रोग्राम त्यांनी लगेच दुरुस्त केला आणि मेधाची पत्रिका पुन्हा छापली. आत्तापर्यंतच्या सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या पत्रिका द्यायच्या, असं त्यांनी गुरुजींना फोनवर सांगितलं. मग म्हणाले, आज संध्याकाळी कल्याणला जाऊन सोमणांनाही सांगणार.

दुपारी बापटवहिनी ऑफिसात आल्या. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलीला स्थळ मिळालंय, मुलगा तिच्या मनासारखा आहे, हॉल ठरलाय. नवीन पत्रिकेत काय असेल देव जाणे. सोमणबाईंनी नाही म्हटलं तर मेधा दुसरं लग्न करणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

"तुम्ही पत्रिका मानत नाही ना?" त्या सरांना म्हणाल्या. "मग गप्प बसायला तुमचं काय जातं?"

"नाहीच मानत. थोतांड आहे. पण थोतांडसुद्धा चुकीचं काढून द्यायचं नाही. त्या बाईंनी ते खरं मानून होकार दिलाय."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मला मधे पडायला सांगतील. त्या म्हणाल्या, "सुमतीताई, तुम्ही तरी यांच्याबरोबर जा. नाही तर हे प्रमेयापासून सुरुवात करतील."

मेधाला बँकेत फोन लावला. सरांनी तिला सगळं सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, "बाबा, जा तुम्ही. पण शेवट आधी सांगा. बाकीचं नंतर."

नितीनने आपली व्हॅन काढली. ती सकाळी त्याच्या आईच्या मासळीच्या टोपल्या बाजारात न्यायची आणि दिवसा कंपनीच्या कामाला यायची. आत बसल्यावर सरांनी नाकाला रुमाल लावला. मग नितीनला वाईट वाटेल म्हणून काढला. शीळफाट्याला ट्रकांची रांग लागली होती. आम्ही अडकलो.

"सर, बोलू का?" नितीन म्हणाला. "आपण प्रिंटरची मिस्टेक सांगू ना. कोण बघायला येतंय?"

"प्रिंटर सांगितलं ते छापतो. माझी चूक त्याच्या गळ्यात कशी घालू?"

"मग माझी सांगा. माझा पार्ट होता तो. मी नापास झालेलोच आहे, अजून एकदा."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. "तुझं बरोबर होतं, नितीन," ते म्हणाले. ते वाक्य नितीनने नववीपासून ऐकलेलं नव्हतं.

सोमणांकडे सगळे घरी होते. आम्ही न कळवता आल्यामुळे ते घाबरले. सुधीर एका कोपऱ्यात उभा होता. हा मुलगा इतका गंभीर की त्याला हसताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तर त्याचा चेहरा बघवत नव्हता. सोमणबाईंनी चहा ठेवायला सांगितलं. सर खुर्चीच्या कडेवर बसले. मी त्यांना हळूच म्हटलं, शेवट आधी.

"हो," सर म्हणाले, आणि सोमणांकडे वळले. "आपल्याला य-अक्ष माहीत असेलच."

दिनकरराव म्हणाले, होता शाळेत. त्यानंतर संबंध आला नाही.

पुढे काय काय झालं ते सगळं लिहीत नाही. सरांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर चौकोन काढला. आधी आलेखाचा कागद, मग पडदा, मग उलटवणी. चहा गार झाला. सोमणबाईंना वाटत होतं की हे लग्न मोडायला आलेत आणि सांगायला धजत नाहीत. सुधीर भिंतीला टेकला. शेवटी मीच म्हटलं की मेधाची पत्रिका चुकीची छापली गेली होती, आणि ही बरोबर आहे.

सोमणबाईंनी चष्मा लावला आणि नवी पत्रिका हातात घेतली.

"आधी मंगळ आठवा होता," त्या म्हणाल्या. "आता बारावा दिसतोय."

"हो. आठव्याचा बारावा झाला," सर म्हणाले.

"मग काय बिघडलं? आठवा काय, बारावा काय, मंगळ तो मंगळच."

सरांनी पेन्सिल उचलली. "कोणकोणत्या घरांत असला की मंगळ धरता?"

"पहिला, चौथा, सातवा, आठवा, बारावा."

सर कॅलेंडरच्या पानावर वाकले. पहिल्याचा सातवा होतो. सातव्याचा पहिला. चौथा जागच्या जागी. आठव्याचा बारावा, बाराव्याचा आठवा. त्यांनी डोकं वर केलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला भीती वाटली. ते मुलीचं लग्न साफ विसरले होते. "बाई, तुमची पाचही घरं उलटून पुन्हा त्याच पाच घरांत पडतात. म्हणजे डोंबिवलीतल्या एकाही माणसाचा मंगळ माझ्यामुळे गेला नाही आणि कोणाला नवा लागला नाही. काय सुंदर आहे हे."

सोमणबाईंना त्यातलं सौंदर्य दिसलं नाही, पण सुटका दिसली. सुधीर भिंतीपासून सरळ झाला. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. मी उठायच्या तयारीत होते. पण सर म्हणाले, "अजून एक आहे. शनीसुद्धा हलला आहे. पहिल्या घरातून तो सातव्यात गेलाय. मला त्यातलं कळत नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं."

सातवं घर लग्नाचं. तिथे शनी असणं चांगलं मानत नाहीत, एवढं मलाही ठाऊक होतं. सोमणबाई पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना आता मुलगी आठवली होती.

"शनी पहिल्या घरात असला की माणूस गंभीर असतो," सोमणबाई सावकाश म्हणाल्या. "आणि तुमच्या मेधाला बघायला आलो त्या दिवशी ती केवढी हसत होती. मला वाटलं वरवरचं आहे. पुढे घरात तोंड पाडून बसेल. रात्रभर तेच डोक्यात होतं."

त्यांनी सातव्या घरावर बोट ठेवलं.

"शनी सातवा म्हणजे लग्नाला उशीर. अठ्ठावीस झाली ना तिला? म्हणजे उशीर होऊन गेला. आता पत्रिका मुलीशी जुळतेय. आधीची जुळत नव्हती."

"आणि नवरा कसा मिळतो?" दिनकररावांनी विचारलं.

"गंभीर," सोमणबाई म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी सुधीरकडे बघितलं.

तेव्हा तो हसला. मी ते पाहिलं आहे.

दिनकररावांनी गार चहाचे कप उचलून आत नेले, दुसरा ठेवायला सांगितला, आणि परत येताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "स्वतःच्या मुलीचा शनी घेऊन दारात येणारा व्याही मी पहिलाच बघतोय. जेवूनच जा."

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. सरांनी आयुष्यात पुन्हा दुसऱ्याच्या कोडमध्ये उलटवणी घातली नाही, निदान विचारल्याशिवाय तरी. त्यांच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये ती शेवटपर्यंत राहिली. पुढे नितीनने मोठ्या जागेत ऑफिस नेलं, मी नोकरी सोडली, आणि आमच्या भेटी सणासुदीपुरत्या उरल्या.

मी बापटसरांना शेवटचं पाहिलं ते मेधाच्या मुलीच्या बारशाला, पारनाक्याच्या घरी. पाळण्याभोवती बायकांची गर्दी होती. सर आणि सोमणबाई मात्र आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते, मधे बाळाची पत्रिका. ती सोमणबाईंनी हाताने मांडली होती आणि सर त्यांच्या बेरजा तपासत होते. एका ठिकाणी हातचा राहिला होता. "विहीणबाई, हे सगळं खोटं आहे हे माझं मत कायम आहे," सर सांगत होते, "पण ही वजाबाकी पुन्हा करा." सोमणबाई म्हणाल्या, तुम्हीच करा, मला नावाची वेळ गाठायची आहे, आणि पेन्सिल त्यांच्या हातात देऊन उठल्या. बाहेरून कोणीतरी बाळाच्या आजोबांना हाक मारली. सरांना ऐकू गेलं नाही. ते वजाबाकी करत होते. मी दारातून तेवढं बघितलं आणि पाळण्यापाशी गेले. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी ते गेले, तेव्हा मी तुमच्या आईकडे होते.

आता वर्तकनगरच्या त्या ब्लॉकमध्ये दातांचा दवाखाना आहे. बापटसरांचा प्रोग्राम आजच्या कोणत्याही यंत्रावर चालत नाही, असं नितीन सांगतो. सोमणबाई आणि दिनकररावही आता नाहीत. मेधा आणि सुधीर कल्याणला त्याच घरात राहतात. दोघंही बँकेतून निवृत्त झाले आहेत. ती अजून तशीच हसते, आणि तो शेजारी बसून ऐकतो.

— तुमची आजी